मधल्या दोन ओळी

"वहिनी, ह्याच्या पोटात कापूस कोनं भरला?"

माणिकराव रेडिओवाल्यांनी चिमट्याने पेटीच्या आतून एक पांढरा तंतू धरला आणि ओढला. तो संपेचना. ओढावा तेवढा येत गेला, आणि शेवट आला तो काळा, जळका वास घेऊन. आदिलाबादच्या बाजारातलं ते हातभर रुंदीचं दुकान. फळीवर उघडे रेडिओ, मोडके पंखे, आणि त्यांच्यामध्ये ही राखाडी पेटी, तिची लांब नळी गुडघ्यात मुडपलेली.

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्या भरला," त्या म्हणाल्या. "तिथं स्पंजाची चकती व्हती. तिचा भुगा झाला. मनलं, हवा गाळाचीच हाय तं आपल्या वावरातला कापूस काय वाईट? हातानं पिंजला. सरकी काढली, कचरा काढला. दुधासारखा व्हता हो भाऊ."

"आत पंखा हाय वहिनी. पंख्यानं त्याले वढला अन मोटरले गुंडाळला. मोटर जळली."

"नवी बसवा मंग," मारोतराव म्हणाले.

"कुठून बसवू? हे इदेशी काम हाय. हिची मोटर आदिलाबादेत नाई अन नागपुरातबी नाई." माणिकरावांनी नळी उचलून पाहिली, तिच्या टोकाची रबरी वाटी नाकाशी नेली आणि हसले. "पन हाय तरी काय हे? दम्याची मशीन?"

"व्हय, दम्याची. हिच्या माहेरच्याइची हाय," मारोतराव घाईने म्हणाले. राहीबाईंनी मान डोलावली.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून सांगितलेलं हे एकच खोटं. पण ते चार वर्षं पुरवून पुरवून सांगावं लागत होतं.

मारोतराव जिनिंगच्या निळ्या बसचे ड्रायव्हर. कापसाचा हंगाम सुरू झाला की सकाळी सातला भीमपूरकडच्या गावांमधून बाया घ्यायच्या आणि आदिलाबादबाहेरच्या मिलमध्ये पोचवायच्या. तिथे त्या दिवसभर ढिगातून कवडी वेचत, म्हणजे डागी, किडका कापूस वेगळा काढत. संध्याकाळी बोंडाच्या केरानं पांढऱ्या झालेल्या त्याच बाया जिच्या तिच्या दारी सोडायच्या. रात्री बस मारोतरावांच्या अंगणासमोर उभी राहायची. गावातली लोकं तिच्यावरून घर सांगत, निळ्या गाडीचं घर. राहीबाईंना अख्खं गाव डायवरीनबाई म्हणे. त्यांना ते फार आवडे, पण आवडतं असं त्यांनी कधी दाखवलं नाही.

चार वर्षांपूर्वी मारोतरावांचा डोळा दिवसा लागू लागला. जेवताना घास हातात राहायचा. रात्री त्यांचं घोरणं ओसरीपर्यंत जायचं आणि मध्येच तुटायचं. श्वासच थांबायचा. राहीबाई उठून बसत, छातीवर हात ठेवून मनातल्या मनात आकडे म्हणत, आणि वीसच्या पुढे गेल्या की नवऱ्याला हलवत. एखादा माणूस विहिरीतून वर यावा तसे मारोतराव हबकून श्वास घेत आणि पुन्हा झोपत. सकाळी त्यांना काही आठवत नसे. पाठीवर झोपले की दम जास्त तुटतो हे राहीबाईंनी आपलं आपण शोधून काढलं, आणि त्यांच्या बंडीला मागून सरकीची एक पुरचुंडी शिवली. उताणं होताच ती टोचायची. कुशीवर वळलेल्या नवऱ्याकडे पाहून त्या जात्यावरची एखादी ओळ पुटपुटत:

*पाठीशी सरकी बाई, उशाशी माझा हात,*
*दमाच्या दोरीवर, मोजते मी सारी रात.*

शेवटी नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन रात्री दवाखान्यात झोपवून पाहिलं आणि त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. डॉक्टरांचे वडील त्याच आजाराचे. परदेशातल्या मुलाने त्यांना आणून दिलेली मशीन वडील गेल्यावर कपाटात पडली होती. ती डॉक्टरांनी मारोतरावांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पैसे नकोत. फक्त एक ऐका. ही लावून झोपलात तर खुशाल गाडी चालवा. ज्या रात्री लावली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. तुम्ही एकटे नसता गाडीत."

मारोतरावांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

नळी सोंडेसारखी म्हणून राहीबाईंनी मशीनचं नाव गणपती ठेवलं. रोज नवऱ्याच्या तोंडावर वाटी बांधताना त्या विचारत, "बसवू का गणपती?" आणि बटण दाबलं की मंद वारा वाहू लागे. चार वर्षं दोघंही झोपले. एकाची झोप परत आली, तशी दुसरीचीही.

बाजारातून परतताना बसच्या थांब्यावर राहीबाई पेटी मांडीवर घेऊन बसल्या. "माह्याच हातानं बुडवला गणपती," एवढंच त्या म्हणाल्या.

*

मिलमध्ये उद्धवराव कारकुनांकडे सगळ्यांचे कागद असत. दोन वर्षांपूर्वी मिलने कायम माणसांचा दवाखान्याचा विमा काढला होता. जेवणाच्या सुट्टीत मारोतराव त्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"झोपीचा आजार?" उद्धवराव भाकरी मोडता मोडता म्हणाले. "अरे, मंग हे अख्खं हापिस बिमार हाय. मोठ्या साहेबाइले तं जेवल्यावर झटकेच येते."

मारोतराव हसले नाहीत. "झोपीत दम बंद पडते माहा. रातभर. मंग दिवसा डोळा लागते."

उद्धवरावांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "दिवसा मंजे? गाडीवर?"

"मशीन व्हती तवा नाई."

"अन आता?"

मारोतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कापसाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या.

उद्धवरावांनी हात धुतले, कपाटातून विम्याचा छापील फारम काढला. आवाज खाली आणून ते बोलू लागले. "भेटते. डॉक्टरनं लिवून देल्लं तं मशीनचं भेटते, म्या कागद वाचेल हाय. पन आजाराचं नाव लिवा लागते, अन साहेबाची दस्तखत लागते. साहेबानं नाव वाचलं का तुही गाडी गेली समज. झोपीच्या बिमारीवाल्याले कोन स्टेरिंग देईन?"

"मालूम हाय."

"मालूम हाय तं आयक. रोज आठ-धा दरखास्ती जाते साहेबापुढं. तुही मी मधात सरकवतो. तो खालच्या कोपऱ्यावर सही करते, वर पाहतच नाई. मशीनबी येईन, गाडीबी राहीन."

"कवा येईन?"

"कागद हैदराबादले जाईन, मंजूर होईन, मंग मशीन मांगवा लागन. दोन-अडीच महिने धर."

"दोन-अडीच महिने."

"तवरीक जरा सांभाळून चालव ना बावा. वीस वरसं झाले, एक कुत्रं आलं नाई तुह्या चाकाखाली."

मारोतरावांनी फारम चौघडी करून खिशात घातला. डॉक्टरांचा जुना कागद घरी ट्रंकेत होता. सगळं जुळत होतं. फक्त ते दोन-अडीच महिने कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

*

"फारम चुलीत घाला," राहीबाई म्हणाल्या.

त्यांनी हातातले चांदीचे गोठ काढून पाटावर ठेवले होते. मनगटांवर गोठांची पांढरी वर्तुळं उरली होती.

"हे इकू. ढोरं इकू. आपल्या पैशानं मशीन आनू. कागदच नाई गेला तं कोनाले काय समजते?"

"अवं, माह्या दीड वरसाचा पगार हाय तिची किंमत. गोठात भागत नाई. विमा आपला हक्काचा हाय."

"हक्काचा हाय, पन त्याच्यावर तुमचं नाव जाते. उद्धवराव मधात सरकवते मनते. अन एक दिवस कोनं वर काढला तं? इसरले का, मागच्या साली त्या बॉयलरवाल्याले चक्कर आली तं कसं घरी बसवलं?" त्यांनी गोठ पुढे सरकवले. "माह्या कापसानं झालं हे समदं. तुमची गाडी माह्यापायी नाई गेली पाह्यजे."

"राही."

"काय?"

"गोठ इकून आनली तरी महिनाभर लागते. इदेशातून येते ते, इमानातून."

"मंग?"

"मंग त्या महिन्याचं काय? रोज तीस बाया असते मांगं."

राहीबाईंनी सुईदोरा काढला. मग बंडी पुढे ओढली आणि जुन्या जागी नवी पुरचुंडी शिवू लागल्या. "म्या हाय ना," त्या म्हणाल्या. "आधी मोजत व्हतीच ना."

मारोतरावांनी फारम भिंतीतल्या देवळीत ठेवला. सुट्टी मागावी म्हणावं तर ऐन हंगाम, आणि सुट्टीलाही कारण सांगावं लागतं. ते उद्या ठरवू म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तोंडात लवंग, खिशात हिरव्या मिरच्या, डोळ्यांना गार पाणी. असे आठ दिवस गेले. राहीबाईंच्या डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं झालं. दळताना त्यांचा हात मध्येच थांबू लागला.

आणि मारोतराव सकाळी बायांना म्हणू लागले, "गा वं, जोरानं गा. गाडी सुनी वाटते."

*

गाण्याची मुखत्यारी गयाबाईकडे. जे दिसे त्यावर ती ओळी जोडायची. मुकादमाच्या मिशीवर तिने एक रचलं होतं, ते बाया मुकादमासमोरच गात आणि तो आपला हसे. नववी सकाळ होती. थंडीने काचांवर वाफ धरली होती. बयनाबाई भीमपूरच्या पाटीशी धावत धावत चढली, तशी बस हसली.

"काऊन वं, नवऱ्यानं सोडलं नाई का?"

"नवरा कुठला, बकरीनं सोडलं नाई."

"मारोतभाऊ," गयाबाई मागून ओरडली, "आज नवं आणेल हाय बरं का. तुमच्यासाठीच जोडलं. कान देजा!"

"देल्ला," मारोतराव म्हणाले आणि लवंग चावली.

रस्ता सागाच्या झाडीतून उतरत होता. उतार संपला की नाल्यावरचा पूल येतो, अरुंद, बिनकठड्याचा, आणि पुलावरच डावीकडे वळण. गयाबाईने आवाज लावला. बायांनी टाळ्यांचा ठेका धरला.

*उगवला दिवस गं, पळसाच्या डोईवरी...*

मारोतरावांनी समोर पाहिलं. खरंच, सूर्य पळसाच्या शेंड्यावर बसला होता, एखाद्या तुऱ्यासारखा. छान जोडलंय, असं त्यांच्या मनात आलं.

*...सांजच्याला सुखी येऊ, आपुल्या गं दारावरी.*

ठेका संपला. बाया हसल्या.

मारोतरावांनी ओळी मोजल्या. डोई आणि दार यांच्यामध्ये काही तरी असायला हवं होतं. गयाबाईचं गाणं चार ओळींचं असतं, नेहमी. पहिली ऐकली, चौथी ऐकली. समोर पळस नव्हता. मिलकडचा सरळ रस्ता होता. पूल कुठे आहे?

त्यांनी आरशात पाहिलं. पूल मागे पडला होता.

बस त्यांनी हळूहळू कडेला घेतली. इंजिन बंद केलं. उतरले आणि मागे चालत गेले. रात्रीच्या दवाने पुलावरची धूळ ओली होती. तिच्यावर डाव्या चाकाचा ठसा स्वच्छ उमटला होता. तो कडेकडेने गेला होता, मग आणखी कडेला, आणि एका ठिकाणी चाक आणि पुलाची धार यांच्यात वीतभरसुद्धा जागा नव्हती. खाली नाल्यात धुकं होतं.

ते वळले. परत आले तेव्हा बाया खिडक्यांतून माना काढून बसल्या होत्या.

"काय झालं भाऊ? टायर बसला का?"

टायर बसला म्हणणं सोपं होतं. कालपर्यंत त्यांनी तेच केलं असतं.

"मले झोप लागली व्हती," मारोतराव म्हणाले.

बयनाबाई फिसकन हसली. "आमी एवढ्या बोंबलून राह्यलो अन तुमाले झोप लागली? गयाबाई, आयक तुह्या गान्याची तारीफ!"

"पुलावर लागली व्हती," मारोतराव म्हणाले.

हसू जागच्या जागी थांबलं. कोणी तरी मागे वळून पुलाकडे पाहिलं. एकीने मांडीवरच्या लेकराला पदराखाली घेतलं.

"उतरा," मारोतराव म्हणाले. "मिल एक कोसावर हाय. पायी जाऊ. म्या नाई चालवत आता."

"खाडा मांडते ना साहेब, उशीर झाला तं."

"साहेबाले मी सांगतो."

एकेक बाई उतरली. शिदोऱ्या डोक्यावर गेल्या. गयाबाई शेवटी उतरली. ती एकदा त्यांच्याकडे पाहून पुढे झाली. डांबरी रस्त्यावरून तीस बाया एका ओळीने चालल्या. कोणी गात नव्हतं. सगळ्यांच्या मागून मारोतराव, मुठीत किल्ली घेऊन.

फाटकाशी मॅनेजरसाहेब हातातलं घड्याळ बघत उभे होते. "क्या मारोती? गाडी किदर है? खराब हुई?"

"गाडी ठीक है साब," मारोतरावांनी किल्ली पुढे केली. "मै ठीक नै."

*

दुसऱ्या दिवशी देवळीतला फारम उद्धवरावांच्या टेबलावर आला.

"आता काय मधात सरकवू?" उद्धवराव हळूच म्हणाले. "समद्या मिलले मालूम झालं."

"वर ठेवा. वाचून सही करू द्या साहेबाले. कवापासून हाय तेबी खरं लिवा, चार वरसं."

"अरे, इमा काढायच्या आधीपासून हाय मनून ते नाई मनतीन. हैदराबादवाले लई कानून काढते."

"मनू द्या. गाडी तं गेलीच, आता खोटं कायच्यासाठी लिवू?"

उद्धवराव लिहीत गेले. एका रकान्याशी थांबले. "पह्यली मशीन कायनं बिघडली?"

मारोतरावांना तो पांढरा तंतू दिसला, न संपणारा. आणि ओसरीवर बसून कापूस पिंजणारी राही. उन्हात धरून ती कणभर कचरासुद्धा शोधत असणार.

"लिवा, माह्या हातून बिघडली," ते म्हणाले.

साहेबांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. वीस वर्षांचा जुना माणूस म्हणून घरी बसवलं नाही. वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायचं काम दिलं. पगार उतरला. निळी बस आता उत्तमराव नावाच्या ड्रायव्हरच्या दारी उभी राहू लागली. अंगणासमोर चाकांच्या जागी दोन चकाकते पट्टे उरले होते, तेलाने काळे झालेले. राहीबाईंनी ते शेणाने सारवले नाहीत. सडा टाकतानाही त्या तेवढी जागा सोडून टाकत. पाण्याला येणाऱ्या पोरी अजून सवयीने डायवरीनबाई म्हणून हाक मारत, आणि त्या ओ देत.

हैदराबादहून एक पत्र आलं. त्यात मंजुरी नव्हती, नकारही नव्हता, आणखी कागद मागितले होते. ते पाठवले. गोठ पुन्हा राहीबाईंच्या हातात होते, कारण मारोतरावांनी विकू दिले नाहीत. म्हणाले, उत्तर येऊ दे आधी. तोवर रोज बंडी, रोज सरकीची पुरचुंडी, रोज छातीवर तो एक हात.

मिलला जायला दुसरं साधन नव्हतं. मारोतराव त्याच बसने जात. बायांनी पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी पुढची जागा सोडली होती, पण ते शेवटच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसले. पुलावरच्या त्या सकाळपासून बसमध्ये सगळी गाणी झाली होती, मुकादमाच्या मिशीचंही झालं होतं. ते एक मात्र कोणी काढत नव्हतं. मारोतरावांना मधल्या दोन ओळी विचारायच्या होत्या. रोज प्रश्न ओठावर यायचा, आणि लवंगेसारखा तिथेच विरायचा.

माघ सुरू झाला होता. बस झाडीतून उतरू लागली. मारोतरावांचे डोळे जड झाले होते. आता लागले तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पुढे बयनाबाई कोणाशी तरी भांडत होती. गयाबाईने मागे वळून एकदा पाहिलं, शेवटच्या बाकाकडे, आणि ठेका नसतानाच सुरुवात केली. बसमधलं बोलणं हळूहळू बसत गेलं.

*उगवला दिवस गं, पळसाच्या डोईवरी,*

मारोतरावांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबले. डोळे ताणून उघडे ठेवले.

*भाऊ माझा चालवितो, गाडी निळी वाऱ्यावरी.*

*तीस घरच्या गं लेकी, त्याच्या दोन हातांवरी,*

समोर पूल आला. उत्तमरावांनी गती कमी केली, वळण घेतलं. शेवटच्या बाकावर, गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात आपोआप उठले आणि रिकाम्या हवेत, अगदी बेताने, डावीकडे वळले.